धबधब्याला गेलेले मुराळी

माझा धाकटा भाऊ हल्ली लग्नात, बारशात, अगदी तेराव्यातसुद्धा एक गोष्ट सांगतो. पैनगंगेपलीकडे, तेलंगणात दिलेल्या आमच्या आत्याला त्याने अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखजीला, माहेरी आणलं, ती गोष्ट. सांगताना तो खुर्चीच्या टोकावर सरकतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "म्या म्हटलं, बाबा गेले म्हणून काय झालं? टोपलीभर करंज्या घेतल्या, गाडी काढली अन् निघालो." लोक माना हलवतात. एखादी बाई डोळ्याला पदर लावते. मी त्याच मांडवात बसलेली असते आणि ताटातली जिलबी मोडत राहते. त्या दिवशी मी त्याच्या शेजारच्या सीटवर होते. आम्ही आत्याला आणायला गेलोच नव्हतो. आम्ही धबधबा पाहायला गेलो होतो, आणि तोही वैशाखात.

त्याला खोटं पाडणं सोपं आहे. पण ते केलं तर करंज्यांचं सांगावं लागेल, म्हणून आजवर गप्प बसले. आत्या आता नाही. लिहून टाकते.

मुराळी म्हणजे सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला जाणारा माणूस. बाप, भाऊ, नाहीतर भाचा. आता लेकी बसने येतात, स्कूटीने येतात, मनाला येईल तेव्हा येतात. मीही येते. पण आत्या जुन्या वळणाची होती. तिला कुणीतरी न्यायला गेलं पाहिजे, आणि ते रिकाम्या हाताने नाही. आमचे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते जायचे तेव्हा बांबूच्या टोपलीत करंज्या असायच्या, वर पांढरं फडकं बांधलेलं. एसटीत ती टोपली ते मांडीवर घेऊन बसायचे, खाली ठेवायचे नाहीत. आत्याच्या ओसरीवर ते फडकं सुटायचं आणि आजूबाजूच्या घरी दोन-दोन करंज्या जायच्या. त्यावरून गावाला कळायचं की हिच्या मागे अजून माणसं आहेत.

बाबा गेले आणि ते थांबलं. आत्या ऐंशीच्या घरात आलेली, नवरा आधीच गेलेला. मुलगा-सून चांगले होते, खाण्यापिण्याची ददात नव्हती. तिला फक्त एकदा माहेरी जायचं होतं. हे ती तोंडाने म्हणायची नाही, कारण मला न्यायला या असं लेकीने म्हणायचं नसतं. फोनवर ती फक्त विचारायची, "घरी सारे बरे?" आणि मग थोडा वेळ काहीच बोलायची नाही. त्या गप्प राहण्याचा अर्थ कुणालाही कळला असता. भाऊ म्हणायचा, "यंदा आखजीले नक्की येतो आत्या. गाडीच घेऊन येतो." दरवर्षी म्हणायचा. गाडी नव्हती तेव्हाही म्हणायचा.

भाऊ पांढरकवड्याला बाबांच्याच घरात राहतो. तो काय काम करतो हे मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. कुणाचा तरी प्लॉट कुणाला तरी दाखवतो, कुणाची तरी गाडी कुणाला तरी मिळवून देतो, आणि मधल्या वेळात पानटपरीवर उभा राहून देश चालवतो. त्याच्या तोंडी एकच शब्द, 'सेट'. प्लॉटचं काम सेट आहे. साहेब आपल्याला सेट आहे. बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हाही त्याने बेड सेट केला होता. तो बेड बाळंतिणींच्या वॉर्डात निघाला. बाबा अर्धा तास तिथे डोळे मिटून बसले होते.

असा हा माणूस उन्हाळ्याच्या सुटीत एका सकाळी मारेगावला माझ्या दारात उभा. मी तिथे शाळेत शिकवते. खाली पांढरी जुनी गाडी, काचांना काळी फिल्म, मागे कुणाच्या तरी आडनावाचं खरडून काढलेलं स्टिकर. नवी घेतली म्हणाला.

"बाई, उद्या धबधब्यावर जाऊन राह्यलो. तेलंगणात हाये. सारं सेट हाये. तू फक्त बस."

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. एरवीही तो मला बाईच म्हणतो, पण काम असलं की त्या 'बाई'ला जरा जास्त गूळ असतो. त्याने फोन काढून व्हिडिओ दाखवला. काळ्या कातळावरून पाणी कोसळत होतं, पोरं चिंब भिजून नाचत होती, मागे हिरवंगार रान. कुणीतरी भर श्रावणात काढलेला व्हिडिओ. मी विचारलं, "आता उन्हाळ्यात पाणी राहीन का तिथं?"

"तू नं बाई, निगेटिव्ह लय असते. धबधबा हाये तो. नळ थोडीच हाये बंद व्हायले."

भावजयीला फोन केला, तर ती म्हणाली तिचं डोकं दुखतं. उद्याही दुखणार होतं. भावजय शहाणी आहे, तिचं डोकं नेहमी वेळेवर दुखतं. माझं का दुखलं नाही, हे मला अजून कळत नाही. सुटीत घर खायला उठतं, एवढंच कारण असावं.

पहाटे निघू म्हणाला होता. मी रात्रीच पांढरकवड्याला येऊन राहिले. पहाटे मी तयार होऊन ओसरीवर बसले, आणि हा गाडी धुवायला बसला. धबधब्याला जाताना गाडी धुतात हे मी त्या दिवशी शिकले. मग त्याने एक निळी रबरी ट्यूब काढली, पोहायची. पंप घरीच होता म्हणून ती घरीच फुगवली. फुगवल्यावर ती डिकीत मावेना. मग ती मागच्या सीटवर बसवली. तिच्याशेजारी स्पीकर, टॉवेल, फोन लावायची काठी. प्यायच्या पाण्याची एक बाटली, तीही अर्धी. डबा मी करते म्हटलं तर म्हणाला, "रस्त्यानं धाबे काय कमी हायेत?" आम्ही निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि केळापूरच्या देवीच्या देवळात गेलेले लोक दर्शन आटोपून परत फिरत होते.

गाडी हायवेला लागल्यावर कळलं की एसी चालत नाही. "गॅस भरा लागते फक्त," तो म्हणाला, जणू गॅस पुढच्या वळणावर कुणी हातात घेऊन उभा आहे. काचा खाली केल्या. आत आला तो वारा नव्हता, चुलीसमोरची धग होती. पाटणबोरी गेलं, आणि मग पैनगंगेचा पूल आला. पात्रात वाळू, मधे कुठेतरी चिखलासारखं पाणी, त्यात म्हशी. मी त्या पात्राकडे बोट दाखवलं. एवढ्या मोठ्या नदीत म्हशींपुरतंही धड पाणी नाही, तर कातळावरून काय पडणार, असं मला म्हणायचं होतं. त्याने तिकडे पाहिलंच नाही. पुलाच्या पलीकडे त्याने हॉर्न वाजवला आणि ओरडला, "आला तेलंगणा!" परदेश जिंकल्याचा आव. अहो, या पुलावरून आमच्या भागातले लोक भाजीला जावं तसे आदिलाबादला जातात.

हद्द ओलांडल्यावर त्याला तेलुगु येऊ लागलं. एका पानटपरीवर गाडी थांबवून तो उतरला, छाती पुढे काढली आणि टपरीवाल्याला हिंदीत, एकेक शब्द तोडून, बहिऱ्याशी बोलावं तसं विचारू लागला. मधे मधे 'अण्णा' आणि 'नीळ्ळू' पेरत होता. 'नीळ्ळू' म्हणजे पाणी, एवढंच त्याला ठाऊक. टपरीवाला शांतपणे चुना लावत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, धबधब्याले जाऊन राह्यले का? कायले जाता? काहीच नाही तिथं आता."

मला वाटलं, झालं, आता तरी परत फिरेल. भाऊ गाडीत बसला आणि म्हणाला, "जळते हे लोक. आपल्या एमएचच्या गाड्या पाहून जळते."

फोनमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईने आम्हाला एकदा खाणीत नेलं, एकदा कुणाच्या तरी कापसाच्या रिकाम्या वावरात. दोन्ही वेळा भावाने तिच्याशी वाद घातला. अखेर पोचलो. खाली उतरायला पायऱ्या होत्या. मी वरूनच पाहिलं. एक मोठा काळा कातळ, आणि त्याच्या पायथ्याशी हिरवट पाण्याचं एक डबकं. डबक्याकाठी दोन माकडं बसली होती. बाकी चिटपाखरू नाही. भाऊ ट्यूब खांद्यावर घेऊन अर्ध्या पायऱ्या उतरला आणि तिथेच उभा राहिला. निळी ट्यूब खांद्यावर, समोर कोरडा कातळ. तो बराच वेळ तसाच उभा होता. मी हसले नाही. मला हसूही येईना, इतका मला त्याचा राग आला होता. पन्नाशीला टेकलेला माणूस.

वर आल्यावर त्याने काय केलं? श्रावणातला तोच दुसऱ्याचा व्हिडिओ फोनवर स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, 'मोठ्या बहिणीसोबत सुकून'. तेवढ्या उन्हात, तेवढ्या तहानेत, मोबाइलची रेंज शोधत तो कठड्यावर चढला होता. मी विचारलं, लाज कशी वाटत नाही. तो म्हणाला, "लोकायले काय सांगाचं मंग?" त्याच्या दृष्टीने तोच खरा प्रश्न होता, धबधब्याचं काय ते नंतर.

येताना एका खानावळीत भात खाल्ला. आमटी इतकी तिखट की भावाच्या डोळ्यांतून पाणी आलं. धबधबा पाहायचा होता तो इथे पाहून घेतला, असं मी त्याला म्हटलं. पोटात आग, बाहेर आग, आणि थोड्या वेळाने बोनेटमधूनही वाफ निघायला लागली. गाडी रस्त्याच्या कडेला एका फाट्यावर आचके देत थांबली. त्याने बोनेट उघडलं, आत पाहिलं आणि बंद केलं. गाडीच्या पोटात काय असतं हे त्याला माझ्याइतकंच कळतं. पण त्याने पाहिलं मात्र डॉक्टरसारखं.

"पाणी मागून राह्यली," तो म्हणाला. "नीळ्ळू."

पाणी आमच्याकडे नव्हतं. प्यायचंही नव्हतं. फाट्यावरची पाटी तेलुगूत. मी सावली शोधत होते तेव्हा मला आत वळणारा रस्ता दिसला, आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी शेंदूर फासलेला मारुती, त्याच्या पाठीशी वाकडा कडुनिंब. लहानपणी बाबांबरोबर मी याच कडुनिंबाखाली एसटीतून उतरले होते, टोपली उचलायला हात लावला म्हणून ओरडा खाल्ला होता.

"अरे, हे तर आत्याचं गाव हाये," मी म्हटलं.

आणि या माणसाचा चेहरा उजळला. "मंग झालं की सेट! गाडीले पाणी भेटन, आपल्याले चहा भेटन."

आत्या आठवली ती अशी. रेडिएटरसाठी.

गाडी थोडी थंड झाल्यावर ढकलत, रखडत गावात नेली. अक्षय तृतीया दोन दिवसांवर आली होती, हे त्या गल्लीत शिरल्यावर माझ्या लक्षात आलं. ओसऱ्यांवर माहेरवाशिणी बसलेल्या होत्या, नव्या साड्यांतल्या, माठ मांडून ठेवलेले, पोरं आंबे चोखत होती. आत्याचं घर गल्लीच्या शेवटी. भाऊ एका हातात गाडीची किल्ली आणि दुसऱ्या हातात रिकामा प्लास्टिकचा कॅन घेऊन पुढे, मी मागे, पदराने तोंड पुसत. आत्याच्या सुनेने दार उघडलं, आम्हाला ओळखायला तिला थोडा वेळ लागला, आणि मग ती आत वळून ओरडली, "आत्याबाई! तुमच्या माहेरचे आले!"

आत्या बाहेर आली. वाकलेली, बारीक झालेली, डोक्यावर पदर घट्ट. तिने आधी आमच्या हातांकडे पाहिलं. किल्लीकडे, कॅनकडे, माझ्या रिकाम्या हातांकडे. मग चेहऱ्यांकडे. त्या वेळी मला ते काही वाटलं नाही. शेजारच्या ओसरीवरच्या बायका तोवर आमच्याकडे वळल्या होत्या. आत्याने त्यांच्याकडे एकदा नजर टाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"आले का न्यायले! मले माहीत होतं, यंदा आखजीले येतीन म्हणून!"

मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होते ते मला पक्कं आठवतं. "नाही आत्या, आम्ही इकडून चाललो होतो, सहज," असंच. खरं तेच. मी मास्तरीण आहे, चूक दिसली की दुरुस्त करायची मला खोड आहे. पण माझ्या आधी भाऊ बोलला. जन्मभर ज्याला खोटं बोलायला विचार करावा लागला नाही, त्याला तेव्हाही लागला नाही.

"हो त आत्या," तो म्हणाला. "तुलेच न्यायले आलो. गाडीच घेऊन आलो."

आणि वाकून पाया पडला, कॅनसकट.

मला त्याची किळस आली. तो पाया पडला म्हणून नव्हे, तर किती सहज पडला म्हणून. एवढ्या मोठ्या बाईला एवढ्या मोठ्या गोष्टीत फसवायचं, आणि तेही चहासाठी. आता हिला नेणार कुठे? भावजयीला काही ठाऊक नाही, घरात तिच्यासाठी खाट मोकळी नाही, बाबांच्या खोलीत हा माणूस जुने टायर ठेवतो. मी त्याला डोळ्यांनी दटावलं. त्याने मला डोळा मारला. गाडीला पाणी दाखवून येतो म्हणून कॅन घेऊन तो हापशीकडे गेला, आणि जाता जाता शेजारच्यांना सांगत गेला, "आत्याले न्यायले आलो. दरसालीच म्हणतो, पण काम लय राह्यते नं."

आत्या तोवर आत गेली होती. मी ओसरीवर बसले. आतून ट्रंक उघडल्याचा आवाज आला, डब्यांचा आवाज आला, आत्या आणि सून हळू आवाजात काही बोलल्या. मग सून पितळेचं मोठं ताट घेऊन बाहेर आली. ताटावर पांढरं फडकं. तिने मला काही न बोलता ते शेजारच्या ओसरीवर नेलं, फडकं बाजूला केलं आणि म्हणाली, "आत्याबाईच्या माहेराहून शिदोरी आली. घ्या."

करंज्या. कडेला मुरड घातलेल्या, एकसारख्या, भरघोस. बायका एकेक उचलून म्हणाल्या, "किती दिवसांनी हो तुमच्याकडचं!" आणि पलीकडच्या घराला हाक गेली.

मी हापशीकडून येणाऱ्या भावाकडे पाहिलं. अस्सं, मला वाटलं. म्हणजे याने आणल्या होत्या. डिकीत ठेवल्या होत्या, मला न सांगता. धबधब्याचं फक्त निमित्त, आणि मनात हे. मी दिवसभर त्याला मनातल्या मनात किती बोलले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्याविषयी बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं मला मुळीच आवडलं नाही, इतकी मला त्याची सवय नव्हती. तोही ताटाकडे पाहून थबकला, मग माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवली. मग ओसरीवरच्या बायकांना म्हणाला, "घ्या, घ्या. लाजू नका. घरच्याच हायेत."

निघताना आत्याची पिशवी लहान होती, पण तयार होती. घडीच्या साड्या, औषधं, जपमाळ. सुनेने तिची ओटी भरली. पाठवताना ती रडली, आत्या रडली नाही. गाडीचं मागचं दार उघडलं तर निळी ट्यूब सीट अडवून बसलेली. ती काढायची तर ठेवायची कुठे? आत्या म्हणाली, "राहू दे," आणि तिच्याशेजारी अंग चोरून बसली. गल्लीतल्या सगळ्या ओसऱ्यांवरून बायका पाहत होत्या. गाडी आचके न देता सुरू झाली, याबद्दल मी मारुतीला हात जोडले.

हायवेला लागल्यावर भावाने एका हाताने भावजयीला फोन लावला आणि आवाज दाबून बोलू लागला. "ऐक नं... नाही, म्हणजे तसं नाही... दोन रोजांसाठी... टायर काढून ठेव." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण तो बराच वेळ "हो" म्हणत होता. मला वाईट म्हणावं इतका आनंद झाला.

ऊन उतरलं होतं. पैनगंगेचा पूल आला. आत्या म्हणाली, "जरा हळू." भावाने गाडी हळू केली. मी मागे वळून पाहिलं. पुलाच्या मधोमध आल्यावर आत्याने डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. माहेरच्या हद्दीत लेक डोक्यावर पदर घेत नाही. पांढरे केस, बारीक अंबाडा. बाबांच्या बहिणीचं उघडं डोकं मी कित्येक वर्षांनी पाहत होते. ती दारातून आली तेव्हापेक्षा आता लहान दिसत होती. मला रडू आवरेना, म्हणून मी खिडकीबाहेर म्हशी पाहत बसले.

पूल संपला आणि भावाला कंठ फुटला. "बाई, तू लय चालाख हायेस. करंज्या आणल्या अन् मले सांगतलंही नाही."

मी वळले. "म्या? मले वाटलं तूनं आणल्या."

"म्या कशाले आणू?"

ते मात्र खरं होतं. मग दोघांनी एकदमच मधल्या आरशात पाहिलं.

आत्या ट्यूबवर कोपर टेकून बाहेरची कापसाची रिकामी वावरं पाहत होती.

"कोणी नाही आणल्या," ती म्हणाली. "घरच्याच हायेत. दरसाली आखजीच्या आंधी करून ठेवा लागते."

"काहून?" भावाने विचारलं. हा प्रश्न फक्त तोच विचारू शकतो.

"काहून म्हंजे? तुमचा काय भरोसा. आलेच एखाद्या साली, अन् असे किल्ली हालवत आले, त चार बायांत माझ्या भावाचं नाव काय राह्यलं असतं?" तिच्या आवाजात राग नव्हता. पोराला शर्टाची चुकलेली गुंडी दाखवावी तसं ती सांगत होती.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "अन् कोणीच नाही आलं त, आत्या?"

"त काय. सून अन् मी खाऊन टाकतो. पंधरा रोज पुरते."

भावाचा हात एसीच्या बटणाकडे गेला. त्याने ते दाबलं, पुन्हा दाबलं, आणि मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत राहिला. एसी सकाळपासूनच बंद होता.